ब्लॅकबेरीत जे नाही ते
घरची फळवाइन : लेखांक ४

मागच्या तीन लेखांत भांडी, स्वच्छता आणि यीस्ट यांची ओळख झाली. आता फळाकडे वळू. ब्रिटनमध्ये राहून हा छंद सुरू करणाऱ्याला इथेच पहिला निर्णय घ्यावा लागतो. दुकानातून द्राक्षरसाचे तयार किट आणायचे, की ऑगस्टच्या मध्यापासून पायवाटांच्या कडेला, कालव्यांच्या काठी आणि शेतांच्या कुंपणांवर काळीभोर होऊ लागलेली ब्लॅकबेरी वेचायची? अनुभवी माणसे बहुधा किटचा सल्ला देतात, कारण त्यात चुकायला वाव कमी. मला हा सल्ला पटत नाही. पहिली वाइन ब्लॅकबेरीचीच करावी, असे माझे ठाम मत आहे. ती फुकट मिळते, हा त्यातला लहानसा फायदा. (इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६८च्या चोरीविषयक कायद्यानुसार रानात उगवलेली फळे स्वतःपुरती तोडणे चोरी ठरत नाही, विकण्यासाठी तोडली तर ठरते. परवानगीशिवाय कुणाच्या जमिनीत शिरण्याचा प्रश्न अर्थात वेगळा.) खरे कारण असे की वाइनसाठी ब्लॅकबेरी हे अपुरे फळ आहे, आणि तिचे अपुरेपण भरून काढता काढताच वाइन म्हणजे काय ते कळते.

आधी द्राक्षाचे मोठेपण मान्य करू. वाइनसाठी पिकवलेल्या द्राक्षाच्या रसात साधारण २० ते २५ टक्के साखर असते. टार्टारिक आम्ल असते, जे इतर बहुतेक फळांत नावालाही सापडत नाही. सालीत आणि बियांत तुरटपणा देणारे टॅनिन असते. यीस्टला पोसणारी नायट्रोजनयुक्त द्रव्ये असतात, आणि चिरडले की रस सुटायला त्रास पडत नाही. हे सगळे एकाच फळात योग्य प्रमाणात आल्यामुळे माणसाला काहीही न मोजता वाइन करता आली. जॉर्जियात सापडलेल्या सुमारे ८,००० वर्षांपूर्वीच्या मडक्यांत द्राक्षाच्या वाइनचे अंश मिळाले आहेत. आंबण्याच्या क्रियेमागे यीस्ट नावाचा सजीव आहे, हे लुई पाश्चरने ठामपणे दाखवून दिले ते १८५०-६०च्या दशकांत. मधली सगळी सहस्रके द्राक्षाने माणसाचे अज्ञान सांभाळून घेतले. ब्लॅकबेरी ते सांभाळून घेत नाही.

हिशेब करून पाहू. १०० ग्रॅम ब्लॅकबेरीत साखर जेमतेम ५ ग्रॅम. घरगुती वाइनची नेहमीची काचेची बरणी, जिला इथे डेमिजॉन म्हणतात, एका ब्रिटिश गॅलनची म्हणजे साडेचार लिटरची असते. तिच्यासाठी २ किलो फळ घेतले तर फळातून साखर आली १०० ग्रॅम. एका लिटरमध्ये सुमारे १७ ग्रॅम साखर आंबली की एक टक्का अल्कोहोल तयार होते. म्हणजे नुसत्या फळावर भागवायचे ठरवले तर हाती येईल सव्वा टक्क्याचे पाणचट पेय, आणि ते आठवड्याभरात नासेल. टिकाऊ वाइनला १२ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल लागते. त्यासाठी साडेचार लिटरला सुमारे ९२० ग्रॅम साखर हवी. फळाचे १०० ग्रॅम वजा केले की वरून घालायची राहते ८२० ग्रॅम. जुन्या इंग्रजी घरगुती कृतींत मात्र गॅलनला तीन पौंड, म्हणजे १ किलो ३६० ग्रॅम साखर सर्रास आढळते. फळातली साखर धरून एवढ्यातून हिशेबाने १९ टक्के अल्कोहोल व्हायला हवे, पण बहुतेक यीस्ट १४-१५ टक्क्यांपुढे तग धरत नाही. ते मरते आणि उरलेली साखर तशीच राहते. घरची फळवाइन म्हणजे गोडमिट्ट आणि डोक्यात जाणारी, ही तिची अपकीर्ती अशा कृतींनीच केली आहे. फळाचा त्यात काही दोष नाही.

मग पाणी न घालता नुसता ब्लॅकबेरीचा रसच का आंबवू नये? असे विचारणाऱ्याने कच्ची-पिकी ब्लॅकबेरी चावून पाहावी. तिच्या शुद्ध रसाची आंबट धार इतकी तीव्र असते की साखर आंबून संपल्यावर तो घोटवत नाही. म्हणून पाणी घालणे भाग पडते. पाण्याने आंबटपणा आवाक्यात येतो, पण त्याबरोबर साखर, चवीचा भरीवपणा आणि यीस्टचे अन्नही विरळ होते. एक दुरुस्ती केली की तिच्यामुळे दुसरी करावी लागते, असा हा प्रकार आहे, आणि शिकण्यासारखे आहे ते यातच. पाणी जास्त झाले तर आम्ल कमी पडते आणि वाइन मिळमिळीत लागते. अशा वेळी लहान चमचाभर, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम सायट्रिक आम्ल घातले की साडेचार लिटरच्या बरणीत लिटरमागे एक ग्रॅमहून थोडी जास्त आम्लता वाढते. जिभेला हा फरक स्पष्ट जाणवतो. यीस्टच्या अन्नाची पूड लहान चमचाभर पुरते. चवीला भरीवपणा यावा म्हणून मूठभर मनुका वाटून घालतात; ती द्राक्षाकडून केलेली उसनवारीच आहे. टॅनिन कमी वाटले तर इंग्रज गृहिणींचा जुना उपाय आहे बिनदुधाच्या कडक चहाचा एक कप. हा उपाय रसायनाच्या दृष्टीनेही बरोबर आहे, कारण चहाचा तुरटपणा त्याच कुळातला.

पेक्टिनकडे नवशिक्याचे हमखास दुर्लक्ष होते. मुरंबा किंवा जॅम घट्ट होतो तो पेक्टिनमुळे, पण वाइनमध्ये तेच कायमचा गढूळपणा आणते. फळ उकळले तर पेक्टिन भरपूर सुटते, म्हणून ब्लॅकबेरी कधीही उकळू नये. फळे आधी फ्रीझरमध्ये गोठवावीत; बर्फाने पेशी फाटतात आणि वितळल्यावर रस आपोआप सुटतो. शिवाय तीन-चार आठवडे थोडी थोडी वेचलेली फळे एकत्र साठतात, ही सोय वेगळीच. वितळलेली फळे स्वच्छ बादलीत हाताने चुरावीत, बिया मात्र फोडू नयेत, कारण त्या कडवट असतात. त्यावर कोमट पाणी आणि कॅम्डेनची एक गोळी कुस्करून घालावी. ही गोळी म्हणजे गंधकाचे संयुग. रानातून आलेले जिवाणू आणि जंगली यीस्ट तिने दबतात. बारा तासांनी पेक्टिन तोडणारे एन्झाइम, आणखी बारा तासांनी साखर आणि यीस्ट. यीस्ट घालणे हे दह्याला विरजण लावण्यासारखेच: आपल्याला हवा तो सजीव आधी आणि भरपूर पोहोचला पाहिजे. लालविन ७१बी हे यीस्ट इथे उपयोगी, कारण फळाला आंबट करणाऱ्या मॅलिक आम्लाचा काही भाग ते स्वतःच खाऊन टाकते. दुसऱ्या दिवशी चोथा वर येऊन त्याची जांभळी साय धरते. ती दिवसातून दोनदा खाली दाबायची, नाहीतर वरचा कोरडा पडलेला थर आंबूस होतो. चार-पाच दिवसांनी गाळून बरणीत भरायचे आणि तोंडाला एअरलॉक, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न येऊ देणारी झडप, लावायचा.

किटच्या बाजूने एक प्रामाणिक युक्तिवाद आहे, तो टाळून चालणार नाही. पहिलाच प्रयत्न फसला तर माणूस छंद सोडून देतो, आणि किट सहसा फसत नाही. हे खरे आहे. पण किटमध्ये साखर, आम्ल, टॅनिन, यीस्टचे अन्न हे सारे कारखान्यात जुळवून आलेले असते. आपण करायचे ते पाणी ओतणे आणि स्वच्छता पाळणे. वाइन चांगली झाली तर का झाली ते कळत नाही, आणि बिघडली तरी कारण सापडत नाही. ब्लॅकबेरीत बिघाड झालाच तर तो कोणत्या उणिवेतून झाला ते शोधता येते. ज्याला फक्त पिण्याजोगी वाइन हवी, त्याने खुशाल किट घ्यावे. ज्याला वाइन करायला शिकायचे आहे, त्याच्यासाठी हा लेख आहे.

दुसरा आक्षेप जाणकारांचा: निम्म्याहून जास्त साखर पिशवीतली, मग ही वाइन कसली? या आक्षेपाला फ्रान्सनेच उत्तर देऊन ठेवले आहे. जाँ-अँत्वान शाप्ताल हा रसायनशास्त्रज्ञ, नेपोलियनच्या काळातला गृहमंत्री. उन्हाळा नीट न तापलेल्या वर्षी आंबण्यापूर्वी द्राक्षाच्या रसात साखर मिसळावी, याचा त्याने १९व्या शतकाच्या सुरुवातीला शास्त्रीय पुरस्कार केला. या पद्धतीला आजही त्याचेच नाव आहे, आणि युरोपच्या थंड भागांत ती ठरावीक मर्यादेत कायदेशीर आहे. साखर आंबून अल्कोहोल झाली की ती उसाची होती की फळाची, हे जीभ सांगू शकत नाही. फळाने द्यायचा असतो तो गंध, रंग, आंबटपणा आणि तुरटपणा, आणि ब्लॅकबेरी ते उदारपणे देते. साखर किती घालावी, यावर मात्र वाद घालायलाच हवा. तीन पौंडांच्या कृतींवर माझा राग आहे तो त्यासाठी.

मराठी वाचकाच्या मनातला सर्वांत गंभीर आक्षेप विषबाधेचा. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसे गेली, ती आठवण विसरण्यासारखी नाही. त्यामुळे घरी आंबवलेल्या पेयाची भीती वाटणे अगदी साहजिक आहे, आणि तिला नीट उत्तर दिले पाहिजे. अशा दुर्घटनांत जीव घेते ते मिथेनॉल, आणि ते दारूत बाहेरून मिसळलेले असते. औद्योगिक मिथेनॉल स्वस्त पडते म्हणून. फळ आंबताना पेक्टिनमधून मिथेनॉल तयार होते हे खरे, आणि पेक्टिन तोडणाऱ्या एन्झाइमने ते किंचित वाढू शकते हेही खरे. पण ते प्रमाण अल्प असते. तांबड्या द्राक्षवाइनसाठी आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेने लिटरला ४०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे, म्हणजे दुकानातल्या वाइनमध्येही थोडे मिथेनॉल असतेच. जिवाला धोका होतो तो ग्रॅमांच्या, दहा-दहा ग्रॅमांच्या हिशेबात. ऊर्ध्वपातन, म्हणजे दारू गाळणे, हा मात्र पूर्ण वेगळा विषय. ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत घरी परवान्याशिवाय ते करणे गुन्हा आहे, आणि या लेखमालेत त्याला जागा नाही.

नवशिक्याला इजा होण्याची खरी शक्यता दुसरीकडेच आहे, आणि तिच्याविषयी फारच कमी बोलले जाते. आंबणे पुरते संपण्याआधी वाइन बाटलीत भरली तर उरलेली साखर आतच आंबते, आणि कार्बन डायऑक्साइडला बाहेर पडायला वाट राहत नाही. लिटरमागे २४ ग्रॅम साखर बंद बाटलीत आंबली की शँपेनइतका, म्हणजे सुमारे सहा वातावरणांचा दाब तयार होतो. शँपेनची बाटली जाड काचेची असते ती त्यासाठीच. साधी बाटली फुटते, आणि काचा खोलीभर उडतात. बुडबुडे थांबले म्हणजे आंबणे संपले असे मुळीच नाही. खोली गार झाली तरी ते थांबतात. खात्री देतो फक्त हायड्रोमीटर, म्हणजे पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता दाखवणारा तरंगता मापक; साखर जास्त तितका आकडा मोठा. लांब नळीत वाइन घेऊन त्यात तो सोडायचा, चिकटलेले बुडबुडे झटकण्यासाठी बोटाने गिरकी द्यायची, आणि डोळा द्रवाच्या पातळीला आणून आकडा वाचायचा. सुरुवातीला १.०८५ दिसला असेल तर शेवटी ०.९९५च्या आसपास यावा. फरकाला १३१ने गुणले की अल्कोहोलची टक्केवारी मिळते, इथे पावणेबारा. तो १.००४वर अडून बसला असेल तर शँपेनच्या दाबाइतकी साखर अजून आत आहे. मापकाच्या पट्टीवर हे अंतर नखाएवढेसुद्धा नसते. आठवड्याच्या अंतराने तीनदा तोच आकडा आला, तोही १.०००च्या खाली, तरच बाटली भरावी.

कायद्याबद्दल थोडक्यात. ब्रिटनमध्ये घरच्या वापरासाठी वाइन करायला परवाना लागत नाही, विकायला लागतो. अमेरिकेच्या संघीय कायद्यात प्रौढ व्यक्तीला वर्षाला १०० गॅलन, आणि घरात दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर २०० गॅलनपर्यंत मुभा आहे, मात्र राज्याचा नियम वेगळा पाहावा लागतो. सौदी अरेबिया किंवा कुवेतमध्ये नोकरी करणाऱ्यांनी हा विचारही मनात आणू नये. महाराष्ट्रातही १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य बनवता येत नाही, तेव्हा परदेशात शिकलेला हा छंद सुट्टीत गावी नेऊ नये. आणि घरची म्हणून ही वाइन प्रकृतीला चांगली, हा समज सोडून द्यावा. १२ टक्के अल्कोहोल घरात तयार झाले तरी १२ टक्केच असते, आणि मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्ण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३मध्ये स्पष्ट म्हटले आहे.

राहिला शेवटचा आक्षेप: इतकी मापे घेत बसायचे तर त्यात आनंद तो काय उरला? माझ्या मते आनंद तिथूनच सुरू होतो. वहीत फळाचे वजन, वेचल्याची जागा व तारीख, साखर, हायड्रोमीटरचा आकडा आणि खोलीचे तापमान एवढे लिहून ठेवले की दोन बरण्यांची तुलना करता येते. ऑगस्टअखेरची फळे आणि सप्टेंबरमधली फळे वेगवेगळी आंबवून पाहा. एकाच कुंपणावरची असूनही एकीला आम्ल घालावे लागते, दुसरीला लागत नाही. वर्षभराने दोन्ही शेजारी ठेवून चाखताना त्या फरकाचे कारण वहीत सापडते. पुढच्या आठवड्यात बरणीच्या तळाशी बसलेला गाळ, तो केव्हा आणि कसा वेगळा करायचा, आणि हवेचा संपर्क कसा टाळायचा हे पाहू.