ब्रिटनला निघालेल्या सिस्टर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, आज हजारो भारतीय नर्स ड्युटी करत आहेत. आपल्या घरातली लेक तिकडे निघते तेव्हा अभिमानासोबत ऐकीव माहितीही तिच्या गाठोड्यात बांधली जाते. परक्या गावात तीच तिला नडते.

गैरसमज: एजंटला लाखो रुपये मोजल्याशिवाय नोकरी मिळत नाही.
वस्तुस्थिती: नोकरी मिळवून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घ्यायला ब्रिटनमध्ये 1973 च्या कायद्याने बंदी आहे. एजन्सीचं शुल्क रुग्णालयाने भरायचं असतं. भारतातल्या एजंटचा परवाना परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' पोर्टलवर तपासता येतो. करारात 'मध्येच सोडल्यास खर्च परत' असं कलम असेल, तर रक्कम किती आणि ती काळानुसार कमी होते का, हे सही करण्याआधी वाचावं.

गैरसमज: तिथे उतरलं की लगेच स्टाफ नर्स.
वस्तुस्थिती: त्यासाठी तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलची नोंदणी लागते. इंग्रजीची परीक्षा आणि संगणकावरची सीबीटी भारतातून देता येते. 'ऑस्की' ही 10 स्टेशनांची प्रात्यक्षिक परीक्षा मात्र ब्रिटनमध्येच द्यावी लागते. नोंदणी होईपर्यंत हुद्दा खालचा आणि पगारही कमी असतो. घरच्यांनी पहिल्याच महिन्यापासून हप्त्यांचं गणित मांडू नये.

गैरसमज: अनुभवी नर्सला पेशंटला आंघोळ घालायला लावणं म्हणजे कमी लेखणं.
वस्तुस्थिती: आपल्याकडे हे काम नातेवाईक, मावशी किंवा वॉर्डबॉय करतात. तिथे तो शुश्रूषेचाच भाग आहे. अंग पुसतानाच पाठीवरचा लालसर डाग दिसतो आणि बेडसोर वेळीच रोखता येतो. उलट, इथे रोज सुई लावणाऱ्या हातांनाही तिथे शिरेत कॅन्युला घालण्याआधी पुन्हा प्रशिक्षण घ्यावं लागतं. मन खट्टू होतं, पण हा नियम तिथल्या नर्सलाही आहे. वर्णावरून टोमणे किंवा बढतीत डावलणं ही मात्र 'तिथली पद्धत' नाही. 2010 च्या समानता कायद्याने असा भेदभाव बेकायदा आहे.

गैरसमज: तोंड उघडलं की व्हिसा गेला.
वस्तुस्थिती: व्हिसा नोकरीशी बांधलेला असल्याने ही भीती अगदीच निराधार नाही. पण तक्रार केली म्हणून व्हिसा रद्द होत नाही. नोकरी सुटलीच, तर नवा प्रायोजक शोधायला साधारण 60 दिवस मिळतात. पेशंटच्या सुरक्षेला धोका दिसल्यास बोलणं हे तर कौन्सिलच्या आचारसंहितेने नर्सवर टाकलेलं कर्तव्यच आहे, समोर डॉक्टर असला तरी. रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग आणि युनिसन या संघटना सभासदांना कायदेशीर मदत करतात. सभासद होण्याआधीच्या तंट्यात मात्र ती सहसा मिळत नाही, म्हणून रुजू होतानाच नाव नोंदवावं.

रात्रपाळी संपवून ती रडवेल्या आवाजात फोन करते, तेव्हा आपण सवयीने म्हणतो, 'सांभाळून घे गं.' त्याआधी एकदा विचारा, 'युनियनला सांगितलंस का?'