शिखराचा पाया सपाटीवर

रायपूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर, महानदीच्या खोऱ्यातील भातशेतीच्या मैदानात वसलेले आहे. छत्तीसगडमधील सर्वांत उंच शिखरांत गणले जाणारे, बलरामपूर जिल्ह्यातील गौरलाटा, हेही जेमतेम १,२२५ मीटर उंच आहे. हिमशिखराचे दर्शन या भूमीवरून घडत नाही. तरीही गेल्या काही वर्षांत या सपाट प्रदेशाने देशाला नामांकित गिर्यारोहक दिले आहेत. अंबिकापूरचे राहुल गुप्ता यांनी २०१८ मध्ये एव्हरेस्ट सर केले. बस्तरच्या नैना सिंह धाकड यांनी २०२१ मध्ये एव्हरेस्ट व ल्होत्से या दोन्ही शिखरांवर पाऊल ठेवले आणि २०२१ सालचा तेनझिंग नोर्गे राष्ट्रीय साहस पुरस्कार त्यांना प्राप्त झाला.

अशा वार्ता वाचून घरातील एखादा तरुण किंवा तरुणी "मलाही डोंगरातच आयुष्य घालवायचे आहे" असे म्हणू लागते, तेव्हा आईवडिलांच्या मनात अभिमानाआधी चिंता उभी राहते. पोट कसे भरणार? काही बरेवाईट झाले तर? रायपूरच्या मराठी कुटुंबांतही हे प्रश्न अपरिचित नाहीत. ते भित्रेपणाचे नसून व्यवहाराचे आहेत आणि त्यांची उत्तरेही व्यवहारातच शोधली पाहिजेत. साहसाच्या क्षेत्रात दीर्घकाळ टिकलेल्या व्यक्तींकडे पाहिले असता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. शिखराचा पाया सपाटीवर घातला जातो, आणि तो कौशल्य, नियमित अर्थप्राप्ती व संरक्षण या तीन दगडांचा असतो.

पाय गमावून उभे राहिलेले जीवन

रायपूरचेच उदाहरण घ्यावयाचे तर चित्रसेन साहू यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. २०१४ मध्ये रेल्वे अपघातात त्यांना दोन्ही पाय गमवावे लागले. कृत्रिम पायांच्या साहाय्याने त्यांनी २०१९ मध्ये आफ्रिकेतील किलिमांजारो (५,८९५ मीटर), २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील कॉशियुस्को (२,२२८ मीटर) आणि २०२१ मध्ये युरोपमधील एल्ब्रुस (५,६४२ मीटर) ही शिखरे सर केली. दिव्यांग व्यक्तींना समाजात समान स्थान मिळावे, हा संदेश त्यांनी या मोहिमांना जोडला.

या कथेचा एक भाग सहसा दुर्लक्षित राहतो. साहू यांनी छत्तीसगड गृहनिर्माण मंडळातील नोकरी सांभाळून हे आरोहण केले. नोकरीने त्यांच्या साहसाचे पंख कापले नाहीत, उलट त्याला जमीन दिली. 'नोकरी की डोंगर' असा प्रश्न अनेकदा विनाकारण उभा केला जातो. बहुतेकांच्या बाबतीत खरा प्रश्न 'नोकरीसह डोंगर कसा' हाच असतो.

आरोहणालाच व्यवसाय करणाऱ्यांची वाटही अशाच आधारातून गेली आहे. बचेंद्री पाल यांनी २३ मे १९८४ रोजी एव्हरेस्ट सर केले. तत्पूर्वी एम.ए., बी.एड. होऊनही त्यांना मनाजोगती नोकरी मिळालेली नव्हती. पुढे टाटा स्टीलने त्यांना आपल्या साहस प्रतिष्ठानाची धुरा दिली आणि २०१९ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी शेकडो युवक-युवतींना घडविले. शिखरावरील काही मिनिटांच्या वास्तव्याने त्यांना कीर्ती दिली, तर त्यानंतरच्या साडेतीन दशकांच्या अध्यापनाने त्यांचे जीवन उभे केले.

पहिला दगड : क्रमाने मिळविलेले कौशल्य

या क्षेत्रातील शिक्षणाची शिडी सुस्पष्ट आहे. दार्जिलिंग येथील हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट (स्थापना १९५४), उत्तरकाशी येथील नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग (स्थापना १९६५) तसेच मनाली व पहलगाम येथील संस्थांमधून सुमारे चार आठवड्यांचा मूलभूत अभ्यासक्रम चालविला जातो. त्यात 'अ' श्रेणी मिळविणाऱ्यासच प्रगत अभ्यासक्रमाचे दार उघडते. त्यापुढे प्रशिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी अध्यापन-पद्धतीचा आणि बचावकार्यासाठी शोध व बचाव हा अभ्यासक्रम असतो. अर्थार्जनाच्या दृष्टीने हे शेवटचे दोन अभ्यासक्रम विशेष मोलाचे आहेत, कारण शिखर सर केल्याचे प्रमाणपत्र गौरव देते, परंतु शिकविण्याचे प्रमाणपत्र काम देते.

महाराष्ट्रात ही परंपरा अधिक रुजलेली आहे. पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेच्या आठ गिर्यारोहकांनी मे २०१२ मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली एव्हरेस्ट सर केले आणि २०१९ मध्ये याच संस्थेच्या दहा जणांनी कांचनगंगा गाठले. या संस्थेने पुढे गिर्यारोहणाचे पद्धतशीर शिक्षण देणारी स्वतंत्र संस्थाही उभी केली. ज्यांचे आप्त पुणे-नाशिककडे आहेत, त्या रायपूरकर विद्यार्थ्यांना सुट्टीत सह्याद्रीच्या कड्यांवर प्रस्तरारोहणाचे पहिले धडे गिरविणे अवघड नाही.

दुसरा दगड : बारा महिन्यांचे उत्पन्न

साहसक्षेत्रातील कामाचे प्रकार आता वाढले आहेत. पदभ्रमण-नेतृत्व, शाळा व कंपन्यांसाठी निसर्गशिबिरे, कृत्रिम भिंतीवरील प्रशिक्षण, उंच इमारतींवर दोराच्या साहाय्याने करावयाची देखभाल, आपत्ती निवारण, साहस-साहित्य भाड्याने देणे, छायाचित्रण असे अनेक मार्ग आहेत. टोकियो येथे २०२१ मध्ये पार पडलेल्या ऑलिंपिकमध्ये प्रस्तरारोहणाचा प्रथमच समावेश झाला आणि या खेळाच्या प्रशिक्षकांनाही क्षेत्र मिळाले. छत्तीसगडपुरते बोलायचे तर कांगेर खोऱ्यातील कुटुमसरची गुहा, मैनपाटचे पठार, बारनवापाराचे अरण्य आणि गंगरेलचा जलाशय ही स्थळे जाणकार मार्गदर्शकाला काम देऊ शकतात.

मात्र हे उत्पन्न ऋतूंवर अवलंबून असते. हिमालयातील मुख्य हंगाम उन्हाळ्यात व पावसाळ्यानंतर येतो, मैदानी शिबिरे हिवाळ्यात भरतात आणि उरलेले महिने कोरडे जातात. म्हणून हंगामात हाती आलेली रक्कम बारा महिन्यांत विभागण्याची शिस्त आवश्यक ठरते. सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम सहज काढता येईल अशा ठेवीत बाजूला असावी आणि तिला मोहिमेसाठी हात लावू नये. मोहिमेसाठी स्वतंत्र आवर्ती ठेव ठेवावी. दरमहा ३,००० रुपये भरल्यास दोन वर्षांत ७२,००० रुपये मुद्दल व त्यावरील व्याज हाती येते. प्रशिक्षण व प्राथमिक साहित्य यांसाठी ही सुरुवात पुरेशी ठरू शकते.

अतिउंच शिखरांचा खर्च अर्थातच वेगळ्या पातळीवरचा आहे. नेपाळ सरकारने सप्टेंबर २०२५ पासून वसंत ऋतूतील एव्हरेस्टचे परवानाशुल्कच प्रतिव्यक्ती ११,००० डॉलरवरून १५,००० डॉलर केले आहे. शेर्पांचे वेतन, प्राणवायू, साहित्य व प्रवास यांचा खर्च त्याखेरीज. एवढ्या रकमेसाठी वैयक्तिक कर्ज काढणे किंवा घर गहाण टाकणे हा मार्ग शहाणपणाचा नव्हे. शिखर सर झाले तरी त्यातून हप्ते फेडण्याइतके उत्पन्न निर्माण होईलच असे नाही. अशा मोहिमांसाठी प्रायोजक, शासकीय साहाय्य आणि लोकवर्गणी यांचीच कास धरावी.

याउलट तंबू, दोर, शिरस्त्राणे अशी भाड्याने देण्याची सामग्री घेण्यासाठी काढलेले कर्ज उत्पन्न देणारे असते. अशा लघुउद्योगांसाठी प्रधानमंत्री मुद्रा योजनेखाली तारणाशिवाय कर्ज उपलब्ध असून शिशु गटात त्याची मर्यादा ५०,००० रुपयांपर्यंत आहे. आपली मिळकत बँक खात्यातूनच स्वीकारणे आणि दरवर्षी प्राप्तिकर विवरणपत्र भरणे ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. मासिक वेतनपत्रक नसलेल्या व्यक्तीची पत या दोन कागदांवरूनच पारखली जाते, आणि पुढे गृहकर्जाची वेळ आली की त्यांचे मोल कळते.

तिसरा दगड : संरक्षण

४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडमधील द्रौपदी का दांडा शिखरावर हिमप्रपात होऊन नेहरू इन्स्टिट्यूटच्या तुकडीतील २७ जण मृत्युमुखी पडले आणि दोघे बेपत्ता झाले. त्यात प्रशिक्षिका सविता कंसवाल यांचाही समावेश होता. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी एव्हरेस्ट व मकालू ही दोन्ही शिखरे सर केली होती. अनुभव, प्रशिक्षण आणि उत्तम संस्था असूनही पर्वतावरील धोका संपूर्णपणे टळत नाही, हे या दुर्घटनेने दाखवून दिले.

म्हणूनच विम्याचा विचार मोहिमेच्या तयारीइतकाच गांभीर्याने व्हावा. अनेक सर्वसाधारण अपघात व आरोग्य विमापत्रांतून गिर्यारोहणासारखे साहसी उपक्रम वगळलेले असतात. विमापत्रातील 'अपवाद' हे प्रकरण सर्वप्रथम वाचावे. प्रस्तावपत्रात आपला छंद वा व्यवसाय लपवू नये, कारण लपविलेली माहिती दाव्याच्या वेळी कुटुंबाच्या विरोधात उभी राहू शकते. हप्ता थोडा वाढला तरी चालेल. मोहिमेसाठी घेतलेल्या विम्यात हेलिकॉप्टरद्वारे सुटका आणि किती उंचीपर्यंत संरक्षण, या दोन बाबी पाहून घ्याव्यात. प्रत्येक खात्यावर नामनिर्देशन असावे आणि त्याची माहिती घरात एकास तरी असावी.

परतण्याची वेळ

रायगडच्या याशी जैन २०२१ मध्ये एव्हरेस्टच्या मोहिमेवर गेल्या, परंतु प्रतिकूल हवामानामुळे त्यांना शिखराविना परतावे लागले. मे २०२३ मध्ये त्यांनी एव्हरेस्ट आणि लगोलग ल्होत्सेही सर केले. पहिल्या वेळी त्या परतल्या, म्हणूनच दुसरी वेळ आली. गिर्यारोहक चढाईपूर्वीच परतीची वेळ ठरवून ठेवतात आणि ती वेळ होताच शिखर कितीही जवळ दिसत असले तरी माघारी वळतात.

अर्थव्यवहारातही अशी परतीची वेळ आधीच लिहून ठेवावी. किती वर्षे प्रयत्न करावयाचा, किती रक्कम गुंतवावयाची आणि कोणत्या टप्प्यावर दुसरा मार्ग धरावयाचा, हे मुलांनी आणि आईवडिलांनी एकत्र बसून ठरविल्यास घरातील वाद पुष्कळसा शमतो. मुलाला मोकळीक मिळते आणि पालकांना निश्चिंती. शिखरावरील ध्वजाचे छायाचित्र दिवाणखान्यात लागावे ही इच्छा रास्तच आहे. मात्र ते लावण्यासाठी चढून गेलेले माणूस सुखरूप घरी परतले पाहिजे, आणि परतल्यावर त्याला कर्जाच्या नोटिशीऐवजी पुढच्या मोहिमेची आवर्ती ठेव वाट पाहत असलेली दिसली पाहिजे.