कोशरी : इजिप्तचे पोटभर जेवण

कैरोत मजूर असो की विद्यार्थी, स्वस्तात पोट भरायचे तर कोशरी खातो. भात, मसूर, मॅकरोनी, काबुली चणे, वर तळलेला कांदा आणि टोमॅटोचा आंबट-तिखट रस्सा. मांस-मच्छी काही नाही. इजिप्तचा स्वयंपाक शिकायला इथूनच सुरुवात करावी. सगळे सामान आपल्या किराणा दुकानात मिळते.

चार जणांसाठी अर्धी वाटी चणे रात्री भिजवून सकाळी शिजवा. तीन कांदे उभे, पातळ चिरून तेलात खरपूस तळा. त्याच तेलातले दोन चमचे घेऊन एक वाटी तांदूळ आणि अर्धवट शिजवलेला एक वाटी अख्खा मसूर एकत्र शिजवा. मॅकरोनी वेगळी उकडा. टोमॅटो, लसूण, जिरे, लाल तिखट यांचा रस्सा करून शेवटी चमचाभर व्हिनेगर घाला. मग एकावर एक थर देऊन वाढा.

तांदूळ आणि मसूर एकत्र आले की प्रथिने चांगली मिळतात. मसुरात लोहही असते. ते अंगी लागावे म्हणून वरून लिंबू पिळा, जेवणावर लगेच चहा टाळा. आणि घरातल्या बाईला शेवटी उरलेले नको, सर्वांबरोबर भरले ताट द्या. रक्त कमी असण्याचा त्रास तिलाच जास्त होतो.