पानांवरची धूळ कोठे जाते?

आमच्या वडगावच्या नावातच वड आहे, आणि ज्या बेळगावचा ते आज भाग झाले आहे, त्याचे जुने नाव वेणुग्राम, म्हणजे वेळूंचे गाव. झाडांवरून नावे पडलेल्या या भूमीत आज झाडांपेक्षा मोटारीच अधिक दिसतात. चैत्र-वैशाखात हमरस्त्याकडेच्या एखाद्या वडाच्या पानावरून बोट फिरवून पाहावे. बोटाला काळपट थर लागतो. वळिवाची एक सर येऊन गेली, की तेच पान पुन्हा हिरवेगार दिसते. मग ती धूळ गेली कोठे?

प्रथम ही धूळ कशाची, ते पाहू. तिच्यात माती असते, धुराची काजळी असते आणि जड धातूंचे कणही असतात. टायर झिजतात त्यातून जस्त येते, ब्रेक झिजतात त्यातून तांबे येते. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे मिसळीत असत. २००० साली ते भारतभर बंद झाले; परंतु धातू कुजत नाही, की हवेत विरतही नाही. रस्त्याकडेच्या मातीत तेव्हा साठलेले शिसे अद्यापि तेथेच असते. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाधक आहे, म्हणून ही गोष्ट प्रत्येक घराच्या जिव्हाळ्याची आहे.

झाड हे कण अडविते ते असे. वाऱ्याबरोबर आलेला कण पानावर आदळतो आणि तेथे चिकटतो. पान खरखरीत वा लवदार असेल, तर पकड अधिक घट्ट होते. अतिसूक्ष्म कण पानावरील मेणाच्या थरात रुततात. ते पावसानेही पुरते निघत नाहीत, पान गळेल तेव्हाच खाली येतात. काही विषारी वायू पर्णरंध्रांतून पानाच्या आतही शिरतात. आंबा व वड यांची पाने धुळीच्या कोरड्या दिवसांतही झाडावर असतात, हा त्यांचा मोठा गुण होय.

तथापि, झाड धूळ धरते, नाहीशी करीत नाही. पाऊस आणि पानगळ यांच्या वाटेने धातू अखेर जमिनीवर उतरतात. मातीने ते धरून ठेवले, तर पुष्कळसा धोका टळतो. पण झाडून गोळा केलेला पाचोळा आपण पेटवून दिला, तर झाडाने वर्षभर अडविलेले विष आपण एका सकाळी पुन्हा हवेत सोडतो, आणि वर धुराची भर घालतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली, ती उगीच नव्हे.

झाडांच्या शक्तीलाही मर्यादा आहे. अमेरिकेतील शहरांची झाडे वर्षाकाठी सुमारे ७ लाख ११ हजार टन प्रदूषक द्रव्ये हवेतून काढून घेतात, असा अंदाज तेथील वनशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केला. आकडा प्रचंड खरा. परंतु त्यामुळे हवा सुधारली ती सरासरी १ टक्क्याहूनही कमी. अरुंद गल्लीवर दाट फांद्यांचे छत झाले, तर धूर खालीच कोंडतो, हेही ध्यानात ठेवावे. म्हणजे धूर मूळ ठिकाणीच कमी केला पाहिजे. झाड हा साहाय्यक आहे, पर्याय नव्हे.

म्हणून आमच्या वाचक-कुटुंबांना आमचे सांगणे थोडकेच आहे. पाचोळा जाळू नका. परसातील पाल्याचे खत भाजीला खुशाल घाला. मोठ्या रस्त्यावरचा पाला मात्र भाजीच्या वाफ्यात न टाकता सावलीच्या झाडांच्या बुंध्याशी घाला. त्या झाडांचा पाला शेळ्यांना घालू नका. रस्त्याकडेच्या मळ्यातील पालेभाजी दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्या. आणि जुना वड तोडून त्याजागी दहा रोपे लावू, असे कोणी म्हणाले, तर त्या दहांची पाने मिळून त्या एकाच्या पानांइतकी कधी होणार, एवढे नम्रपणे विचारा. तितकी वर्षे आपल्या मुलांना श्वास घेणे थांबविता येणार नाही.