उघड्या गाडीचं छप्पर

नाशिकच्या कारखान्यात तयार झालेली महिंद्रा थार मुंबईला यायची म्हणजे कसारा घाट उतरून, शहापूर मागे टाकून, वाशिंद फाट्यावरून यायची. पुढे तीच गाडी शनिवार-रविवारी उलट्या दिशेने येते. हूड मागे मिटलेलं, आत गाण्यांचा दणदणाट, आणि रोख माहुलीच्या पायथ्याकडे नाहीतर भातसा धरणाकडे. जूनमधली पहिली जोरदार सर आली की हीच मंडळी उड्डाणपुलाखाली गाडी उभी करून हूड ओढताना दिसतात. चाप सापडत नाही, चेन अडते, मागच्या सीटवर तळं साचतं.

या पट्ट्याला कापडी छपराची गाडी काही नवी नाही. दुसऱ्या महायुद्धासाठी विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. दोन लोखंडी कमानी आणि त्यावर ताणलेलं कॅनव्हास, एवढंच त्यांचं छप्पर. लढाई संपल्यावर महिंद्राने ही जीप भारतात जोडायला घेतली, तीही मुंबईत, माझगावला. कंपनीची स्थापना २ ऑक्टोबर १९४५ची, आणि हूड उघडता येणारी आजची थार बाजारात आली तीही २ ऑक्टोबरलाच, २०२० साली. मधल्या काळात सीजे, एमएम ५४०, कमांडर, मेजर अशा जीपा शहापूर-मुरबाडच्या कच्च्या रस्त्यांवर झिजल्या. त्यांत माणसं बसली, भाताची पोती बसली, निवडणुकीचे कर्णे बसले. तेव्हा हूड कोणी हौसेने निवडत नसे. फाटलं की ताडपत्रीवाल्याकडे जायचं आणि खाकी किंवा हिरवं जे असेल ते शिवून घ्यायचं.

आता निवड करावी लागते. तीन कापडं समोर येतात आणि तिघांचा स्वभाव वेगळा.

सुती कॅनव्हास हे सगळ्यात जुनं. ते मेण आणि बुरशीरोधक द्रव्यात भिजवलेलं असतं. पहिल्या पावसात नवं कॅनव्हास थोडं गळलं तर घाबरू नये. सूत पाणी पिऊन फुगतं आणि सुईची भोकं आपोआप बुजतात. मात्र भिजल्यावर ते आटतं, म्हणून जाणता कारागीर माप घेताना थोडी सूट ठेवतो. भिजलेल्या कॅनव्हासला आतून बोट किंवा डोकं लावलं की तिथूनच थेंब गळायला लागतो, हा अनुभव जुन्या जीपवाल्यांना सांगायला नको.

दुसरं रेग्झिन, म्हणजे पॉलिस्टरच्या जाळीवर चढवलेला पीव्हीसीचा थर. स्वस्त, चकचकीत, पाणी न पिणारं, त्यामुळे सर्वाधिक खपणारं. पण पीव्हीसी मुळात कडक असतं. त्यात मऊपणासाठी घातलेलं तेलकट द्रव्य उन्हाने हळूहळू निघून जातं, आणि मग घडीच्या रेषेवर तडे जातात. शहापूर-मुरबाडला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा दिवसभर उघड्यावर उभ्या गाडीचं रेग्झिन किती टिकणार, याचा अंदाज घ्यावा.

तिसरं परदेशी गाड्यांचं कापड. वर धाग्यातच रंगवलेलं ॲक्रिलिक, मध्ये ब्युटाइल रबराचा पातळ थर, खाली अस्तर. दोन कापडांच्या मध्ये रबर घालण्याची युक्ती स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉशची, पेटंट १८२३चं, म्हणजे तुमच्या-आमच्या रेनकोटाचा मूळपुरुष. हे कापड उन्हाला सर्वांत चांगलं तोंड देतं आणि खिशाला सर्वांत जास्त कात्री लावतं. भातकापणीला वापरायच्या जुन्या जीपला ते घालणं मला उधळपट्टी वाटते. थार जपून वापरणाऱ्याने मात्र विचार करायला हरकत नाही.

तरी माझं मत असं की कापडापेक्षा शिवण महत्त्वाची. हूड गळतं ते बहुधा कापडातून नाही, शिवणीतून. रेग्झिनचं सूत फुगत नाही, म्हणून सुईचं प्रत्येक भोक उघडंच राहतं. वरची शिवण दुमडून, दुहेरी मारून, आतून पट्टीने झाकलेली हवी. कारखान्यातली काही चांगली हूडं तर शिवतच नाहीत, उष्णतेने जोडतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जा नाहीतर जवळपासच्या सीटकव्हरवाल्याकडे, आधी त्याने बसवलेलं एखादं जुनं हूड उलटं करून पाहायचं. धागा सुती असेल तर दोन-तीन पावसाळ्यांत कुजेल, पॉलिस्टरचा मागावा. आणि रेग्झिनचं हूड बसवायचं तर वैशाखात, भर दुपारी. गरम रेग्झिन ताणलं जातं आणि सुरकुती न राहता बसतं. थंडीत बसवलेलं उन्हाळ्यात सैल पडतं, मग पाणी डोक्यावर साठतं.

मूळ कापडी छपराच्या गाडीवर लोखंडी किंवा फायबरचं टप बसवायचा मोह पुष्कळांना होतो. हरियाणातल्या डबवालीहून सजवून आणलेल्या जीपा पाहिल्या की तो वाढतो. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीपत्राशी न जुळणारा बदल करू देत नाही. कापडाच्या जागी तसंच कापड घातलं तर प्रश्न उद्भवत नाही.

ठाणे जिल्ह्यात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि लोकांना वाटतं हूड त्यानेच जातं. पाऊस बिचारा धुऊन जातो. हूड वाळतं उन्हाने आणि कुजतं ओलं मिटल्याने. रविवारी संध्याकाळी भिजलेलं हूड मागे दुमडून ठेवलं आणि पुढच्या शनिवारी उघडलं, तर घडीत काळ्या ठिपक्यांची बुरशी हमखास. ते डाग मग निघत नाहीत, फिकट होतात एवढंच. गाडी शेतघरावर उभी राहणार असेल तर उंदरांचाही विचार करावा, त्यांना घडीतली ऊब आवडते.

धुणं सोपं आहे, पण लोक ते सर्व्हिसिंगवाल्यावर सोपवतात आणि तो जोराच्या फवाऱ्याने शिवणीतून पाणी आत घालतो. सावलीत गाडी लावा. आधी साध्या पाण्याने धूळ जाऊ द्या. महामार्गाची धूळ आणि वीटभट्टीची राख कोरडी पुसली तर ती पॉलिश पेपरचं काम करते. मग सौम्य शाम्पू, मऊ ब्रश, वरून खाली. कपड्यांची पावडर आणि ब्लीच नको, त्याने वरचा जलरोधक हात उतरतो आणि धागा सडतो. मेणाच्या कॅनव्हासला तर साबणच लावू नये, नुसतं पाणी आणि ब्रश. रेग्झिनवर रॉकेल किंवा डिझेलचा बोळा फिरवायची ड्रायव्हर मंडळींची जुनी सवय आहे. चकाकी दिवसभर टिकते, पण मऊपणा कायमचा जातो. पाखरांची शीट आणि जांभळाचे डाग मात्र त्याच दिवशी ओल्या फडक्याने काढावेत. मे-जूनमध्ये जांभळाखाली गाडी लावणाऱ्याला माझ्याकडे सल्ला नाही.

मागची खिडकी पारदर्शक प्लॅस्टिकची असेल तर तिला काचेचा अमोनियावाला फवारा चालत नाही, ती धुरकट होते. हूड मिटताना तिच्यावर मऊ सुती पंचा टाकावा, म्हणजे घडीत चरे पडत नाहीत.

बारीक फाटलं तर फेविक्विक लावू नये. ते वाळून काचेसारखं कडक होतं आणि त्याच्या कडेने नवी चीर जाते. त्याच कापडाचा तुकडा घ्यायचा, कोपरे गोल कापायचे म्हणजे ते उचकटत नाहीत, आणि आतल्या बाजूने रबर सोल्युशनने, रेग्झिन असेल तर पीव्हीसीच्या लवचीक गोंदाने, चिकटवून रात्रभर वजनाखाली ठेवायचा. हूड शिवून घेताना उरलेली हातभर चिंधी कारागिराकडून मागून घ्यावी, ती इथे उपयोगी पडते.