फोर-स्ट्रोक मशीनमध्ये ऑइल का वाढते?

कापडाच्या धंद्यातील माणसाला खळ ओळखता आली पाहिजे. ठाण हाताला जड लागते, गिऱ्हाईक खूष होते आणि पहिल्या धुण्यातच ते वजन पाण्याबरोबर निघून जाते. होडीच्या फोर-स्ट्रोक आऊटबोर्ड मशीनचे ऑइल ‘वाढले’ असे कोणी सांगितले की आम्हाला ही खळ आठवते. ऑइल आपोआप कधी वाढत नाही. काडीवर पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली तर त्यात दुसरे काहीतरी मिसळले आहे, आणि बहुतेक वेळा ते पेट्रोल असते.

आम्ही मिस्त्री नाही. पण रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आमची बरीच उधारी मच्छीमार बांधवांकडे असते. त्यांचे मशीन बसले की आमचा हप्ताही बसतो. म्हणून जाणत्या मिस्त्रींजवळ बसून आम्ही हा विषय समजून घेतला.

जुन्या टू-स्ट्रोक मशीनमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच जळून जाते. तेथे ही तक्रार उद्भवतच नाही. होंडा कंपनीने 1964 साली फोर-स्ट्रोक आऊटबोर्ड काढले, तरी पुढे कित्येक वर्षे बंदरावर राज्य टू-स्ट्रोकचेच होते. त्यामुळे अनुभवी हातांनाही हा रोग नवा वाटतो. फोर-स्ट्रोकमध्ये मोटारीप्रमाणे खाली ऑइलचा वेगळा साठा असतो. पेट्रोल त्यात उतरले की ऑइल पातळ होते, बेअरिंग आणि कॅम घासू लागतात. पातळी फार चढली तर फेस होऊन ऑइल हवेच्या वाटेने वर जाते. शिवाय पेट्रोलची वाफ साठते, तो धोका निराळाच.

आधी खात्री करावी. मशीन उभे सरळ ठेवून, बंद केल्यावर थोडा वेळ थांबून, काडी पुसून पाहावे. तिरप्या मशीनची काडी खोटे बोलते. मागच्या वेळी कोणी ऑइल जास्त ओतले होते का, हेही विचारावे. मग काडीचा वास घ्यावा. पेट्रोलचा वास आला तर आपला विषय हाच. ऑइल दुधासारखे पांढरट दिसले तर पाणी शिरले आहे, त्याचा इलाज वेगळा.

आमच्याकडे सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे मशीन पुरेसे गरम न होणे. थंड देशांत थंड पाण्यामुळे हे घडते. कोकणचे पाणी कोमट, पण जाळ्याच्या मागे तासन् तास मंद गतीने चालणारे मशीनही थंडच राहते. थंड सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही, भिंतीवर ओघळते आणि रिंगांच्या फटीतून खाली उतरते. त्यात काही मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकतात आणि “आता मशीन थंड राहील” असे अभिमानाने सांगतात. एका बंदरावर आमच्या ओळखीच्या नाखव्याचे मशीन असेच ‘थंड’ करून दिले होते. दर महिन्याला ऑइल वाढे, मिस्त्री जास्तीचे काढून घेई आणि मजुरी लावी. मूळ कारण कोणी पाहिलेच नाही. अखेर नवा थर्मोस्टॅट बसवला आणि तक्रार थांबली. हा सुटा भाग मशीनच्या मानाने क्षुल्लक किमतीचा. तो गरम पाण्याच्या भांड्यात सोडून पाहावा. अनेक आऊटबोर्डमध्ये तो साधारण 50 ते 60 अंशांच्या दरम्यान उघडतो. थंड पाण्यातच उघडा दिसला तर निकामी समजावा.

थर्मोस्टॅट ठीक असेल तर प्लग पाहावेत. एखादा काळा, ओला निघाला तर त्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळता पडते आहे. कार्बोरेटरच्या काही मशीनमध्ये पेट्रोलचा पंप हेडवरच बसवलेला असतो. त्याचा पडदा फाटला की पेट्रोल सरळ ऑइलमध्ये जाते. पंप उतरवून, नळी जोडलेली ठेवून, हातफुगा दाबावा. दांडीच्या बाजूने पेट्रोल ठिबकले तर पडदा गेला. हे काम उघड्या हवेत, विडीकाडी दूर ठेवून करावे. 2023 पासून आपल्याकडे 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले. जुन्या प्रकारच्या रबराला ते मानवतेच असे नाही, म्हणून जुन्या मशीनचा पडदा आणि नळ्या अधूनमधून पाहाव्यात.

फुगा दाबत गेल्यावर कडक होऊन थांबला पाहिजे. थांबत नसेल तर पेट्रोल कुठेतरी वाहते आहे. बाहेर गळती दिसत नसेल तर फ्लोटची सुई किंवा इंजेक्टर तपासावा. उन्हात ठेवलेली पेट्रोलची सुटी टाकी फुगते आणि आपल्या दाबाने सुईपलीकडे पेट्रोल ढकलते. होडी लावताना नळी काढून ठेवण्यास काहीच खर्च नाही.

रिंगा आणि सिलिंडर यांचा खर्च मोठा, म्हणून तो संशय शेवटी, कॉम्प्रेशन मोजल्यावरच. नवे मशीन मात्र फार जपून, मंद गतीनेच चालवले तर रिंगा नीट बसत नाहीत. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे पहिल्या तासांत वेग कमी-जास्त करीत चालवावे. जुन्यानेही जाळी ओढून परतताना मोकळ्या पाण्यात काही वेळ जोराने चालवावे, म्हणजे उरलेले पेट्रोल वाफ होऊन निघते. दोष काढल्यावर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलावेत. नुसते जास्तीचे काढले तर पातळ ऑइल तसेच राहते.

जुने फोर-स्ट्रोक मशीन विकत घेणाऱ्यांनी सौदा करण्यापूर्वी काडी हुंगावी. ऑइल अगदी ताजे, सोनेरी दिसले तर ते कधी आणि का बदलले हे विचारावे, मशीन काही तास चालवून पुन्हा काडी पाहावी आणि मगच बयाणा द्यावा.