जड स्टिअरिंग आणि एका वेळी एकच बदल



पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करताना ‘चल’, ‘नियंत्रण’, ‘गृहीतक’ हे शब्द आपण पाठ करतो. मीही केले होते. पण त्यांचा अर्थ मला नीट कळला तो गेल्या दिवाळीत, राहुरी तालुक्यातल्या आमच्या घरी, ट्रॅक्टरखाली आडवं पडल्यावर. आज तोच अनुभव सांगतो.

आमचा ट्रॅक्टर माझ्यापेक्षा जुना आहे. पॉवर स्टिअरिंग नाही, साधं मेकॅनिकल. दोन वर्षांत स्टिअरिंग इतकं जड झालं की अण्णांचा (माझे वडील) उजवा खांदा रात्री ठणकायला लागला. समोर हरभऱ्याची पेरणी, पाठोपाठ उसाच्या ट्रॉल्या. भरलेली ट्रॉली मागे असताना वळणावर स्टिअरिंग वेळेत फिरलं नाही, तर काय होतं ते नगर-मनमाड रस्त्यावर राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

माझी पहिली चूक

एका मिस्त्रींनी उभ्या उभ्या सांगितलं, “बॉक्सच गेलाय, बदलून टाका.” खर्च मोठा होता. मी म्हटलं, थांबा, मी बघतो. आणि एकाच दुपारी तीन गोष्टी केल्या: पुढच्या टायरमध्ये हवा भरली, स्टिअरिंग बॉक्समध्ये ऑइल टाकलं आणि बॉक्सवरचा ॲडजस्टिंग स्क्रू सैल केला.

स्टिअरिंग थोडं हलकं झालं. पण कशामुळे? सांगता येईना. वर स्क्रू सैल केल्यामुळे स्टिअरिंगमध्ये प्ले आला, म्हणजे चाक वळायच्या आधी स्टिअरिंग नुसतंच फिरायला लागलं. हे जड स्टिअरिंगपेक्षाही धोक्याचं. स्क्रू किती फिरवला ते लिहून ठेवलं नव्हतं, त्यामुळे मिस्त्रींना बोलावून तो पुन्हा बसवून घ्यावा लागला. अण्णा एवढंच म्हणाले, “तिकडं कॉलेजात पण असंच करतो का रे?”

खरं सांगायचं तर, हो. पहिल्या वर्षी मी नॅनोकण बनवताना पीएच, तापमान आणि ढवळण्याचा वेग एकदमच बदलला होता. नमुना चांगला आला, पण पुन्हा कधीच तसा आला नाही.

आधी मोजा

दुसऱ्या दिवशी वही घेतली. ‘जड’ हे मत आहे, मोजमाप नाही. स्टिअरिंगच्या कडेला दोरी बांधली, दोरीला बॅगा तोलायचा ताणकाटा अडकवला आणि कडेला स्पर्शरेषेत ओढलं. ट्रॅक्टर त्याच सिमेंटच्या ओट्यावर उभा, टायरची हवा मॅन्युअलप्रमाणे, प्रत्येक बाजूला तीन वेळा ओढून सरासरी. आकडा आला २२ किलो.

मग साखळी तोडा

हाताचा जोर स्टिअरिंग बॉक्समधून ड्रॉप आर्मला, तिथून ड्रॅग लिंकला, पुढे डाव्या चाकाच्या किंगपिनला आणि टायरॉडमधून उजव्या चाकाला जातो. यातली कुठलीही कडी अडली तरी हाताला जाणवतं ते एकच: जड. म्हणून लक्षणावरून कारण सांगता येत नाही, कड्या एकेक करून सोडवाव्या लागतात.

मागच्या चाकांना दगड लावले, पुढचा ॲक्सल जॅकने उचलून लाकडी ठोकळ्यांवर टेकवला. (नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका.) आता टायर जमिनीला घासत नाही. आकडा: १० किलो. मग ड्रॅग लिंक सोडली. आकडा: २ किलो.

म्हणजे बॉक्स निर्दोष! जो भाग बदलायला निघालो होतो त्याचा वाटा जेमतेम २ किलो. मग टायरॉड सोडून दोन्ही चाकं हाताने फिरवली. डावं सहज फिरलं, उजवं दोन्ही हातांनीही कुरकुरत. उजव्या किंगपिनचं ग्रीसचं निपल वाळलेल्या चिखलानं बंद होतं. आम्ही वर्षानुवर्षं ग्रीस गन मारत होतो, ग्रीस बाहेरच गळत होतं. पिन काढली तर बुश कोरडा आणि थ्रस्ट बेरिंग गंजलेलं.

नवा बुश, नवं बेरिंग, नवं निपल. ग्रीस भरताना ॲक्सल उचललेलाच ठेवला, कारण वजन नसताना ग्रीस बेरिंगच्या फटीत नीट शिरतं. लिंकच्या नटांना नव्या स्प्लिट पिना घातल्या. पुन्हा मोजलं: उचललेल्या स्थितीत ३ किलो, जमिनीवर ११.

आकड्यांत लपलेली गोष्ट

आता नीट बघा. आधी जमिनीवरचा आणि उचललेला यांतला फरक १२ किलो होता, दुरुस्तीनंतर ८. टायर तेच, हवा तीच, ओटा तोच. मग ४ किलो गेले कुठे?

ॲक्सल उचलला की टायरचं घर्षण जातं, पण त्याबरोबर थ्रस्ट बेरिंगवरचं वजनही जातं. म्हणजे मी एकच चल बदलतोय असं समजत होतो, प्रत्यक्षात दोन बदलत होते. फक्त बेरिंगच खराब असतं, तर उचललेल्या चाचणीत ते जवळजवळ दिसलंच नसतं आणि मी दोष टायरला दिला असता. तरी ते सगळे ४ किलो बेरिंगच्या नावावर लिहिता येत नाहीत. बुशही त्याच वेळी बदलला आणि वजनाखाली तोही घासतो. माझ्या प्रयोगातून एवढंच म्हणता येतं: दोष उजव्या किंगपिनच्या जोडणीत होता.

‘एका वेळी एक’ हेही अंतिम सत्य नाही

रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडच्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात रुजू झाले. १९२६ च्या लेखात आणि पुढे १९३५ च्या ‘द डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स’ या पुस्तकात त्यांनी मांडलं की, निसर्गाला एका वेळी एकच प्रश्न विचारण्यापेक्षा अनेक घटक आखणी करून एकत्र बदला. कारण घटक एकमेकांवर परिणाम करतात: पाणी असेल तरच खताचा फायदा दिसतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठात वाण, खत आणि पाणी यांचे प्रयोग मांडणारा विद्यार्थी हीच पद्धत शिकतो.

मग मी त्या दुपारी तीन गोष्टी बदलल्या, ते चूक कसं? फिशर सगळी संयोगं आखून, पुनरावृत्ती करून, नोंद ठेवून बदलतात. मी आखणीशिवाय एकच संयोग करून पाहिला होता. दोन्हींत एकाहून अधिक गोष्टी बदलतात, पण उत्तर एकातूनच मिळतं.

तुमचा प्रयोग अडला असेल तर आज एवढं करा. अडचण आकड्यात मांडा. साखळी कागदावर काढा. कुठे तोडली तर अर्धे संशयित एका झटक्यात सुटतील ते शोधा. आणि ‘नियंत्रण’ ठेवताना आपल्या नकळत आणखी काय बदलतंय, हे स्वतःला विचारा.

हरभरा वेळेत पेरला. अण्णांचा खांदा अजून दुखतो, पण कमी. किती कमी, ते ताणकाट्यावर मोजता येत नाही.